खेळातली रंगाची भिंत पाडणाऱ्यांसाठी स्मारक नाणं: अमेरिकेत कायदा कसा करून घ्यायचा, पायरीपायरीने

अमेरिकेत एखाद्या खेळाडूच्या नावाने स्मारक नाणं काढा म्हणून टाकसाळीला कितीही पत्रं लिहिली तरी काही होत नाही, कारण तो अधिकार टाकसाळीकडे नाहीच. प्रत्येक स्मारक नाण्यासाठी तिथली काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, वेगळा कायदा करते. नाण्याचं वजन, व्यास, जास्तीत जास्त किती नाणी पाडायची, कुठल्या वर्षी विकायची, जमलेले जादा पैसे कोणाच्या हातात द्यायचे, हे सगळं त्या कायद्यात लिहिलेलं असतं. म्हणजे नाणं हवं असेल तर आधी बिल पास करून घ्यायचं आणि बिल पास करून घेणं हे सामान्य माणसांना, शाळेच्या क्लबला, छोट्या म्युझियमला जमू शकतं, फक्त त्याची रीत माहिती पाहिजे.

मी इथे मुख्यतः दोन नाण्यांच्या आधाराने सांगणार आहे. एक १९९७ चं बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनचं आणि दुसरं २०२२ चं निग्रो लीग्सच्या, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या स्वतःच्या लीग्सच्या, शताब्दीचं. दोन्ही बेसबॉलची, दोन्हींच्या मागे तीच गोष्ट, की गोऱ्यांच्या लीगमध्ये काळ्या खेळाडूंना वर्षानुवर्षं येऊच दिलं नाही आणि काहींनी ते दार उघडायला लावलं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे जरूर वाचावं, मुलं बेसबॉल, बास्केटबॉल खेळतात, शाळेत ब्लॅक हिस्ट्री मंथचे प्रोजेक्ट करतात, आणि खासदाराच्या ऑफिसला फोन करायला नागरिकत्व लागत नाही, तुम्ही त्या मतदारसंघात राहता एवढं पुरतं. इथे भारतात बसून नाणी जमवणाऱ्यांनाही उपयोग होईल, कारण नाण्यामागचा कायदा वाचता आला की ते नाणं कमी का पाडलं गेलं, महाग का आहे, हे आपोआप कळतं.

आधी ठरवा, नक्की काय हवंय

इथे खूप लोक गोंधळतात, म्हणून सुरुवातीलाच सांगतो. काँग्रेसकडून खेळाडूचा सन्मान तीन वेगवेगळ्या वाटांनी होतो.

पहिली वाट काँग्रेशनल गोल्ड मेडलची. एकच सोन्याचं मेडल बनतं, ते त्या माणसाला किंवा घरच्यांना देतात आणि ब्राँझच्या प्रती टाकसाळ लोकांना विकते. धावपटू जेसी ओवेन्स, बॉक्सर जो लुईस, जॅकी रॉबिन्सन यांना हे मिळालेलं आहे, रॉबिन्सनचं मेडल त्यांच्या पत्नी रेचल यांनी मार्च २००५ मध्ये स्वीकारलं. बेसबॉलमध्ये क्लीव्हलँडकडून खेळलेले लॅरी डोबी यांच्या मेडलचा कायदा २०१८ मध्ये झाला, आणि आइस हॉकीत एनएचएल या मुख्य लीगची भिंत १८ जानेवारी १९५८ ला बोस्टन ब्रुइन्सकडून खेळून पाडणारे विली ओ'री यांचा २०२२ मध्ये. मेडल हा निव्वळ मान आहे, त्यातून कुठल्या संस्थेला पैसा उभा राहत नाही.

दुसरी वाट चलनातल्या नाण्याची. २०२५ मध्ये टेनिसपटू अल्थिया गिब्सन यांचा चेहरा क्वार्टरवर, म्हणजे पंचवीस सेंटच्या नाण्यावर आला. १९५० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल्समध्ये, म्हणजे आजच्या यूएस ओपनमध्ये, खेळणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडू, नंतर १९५७ आणि १९५८ ला विम्बल्डन जिंकलं. पण त्यासाठी गिब्सन यांच्या नावाचा वेगळा कायदा झाला नव्हता, अमेरिकन महिलांच्या क्वार्टर मालिकेचा जो कायदा झाला त्यातून निवड झाली. अशी मालिका चालू असेल तर तिथे नाव सुचवणं सोपं, पण मालिकेची वाट बघत बसावं लागतं.

तिसरी वाट स्मारक नाण्याची, आणि हा लेख तिच्याबद्दल आहे. हे नाणं कायदेशीर चलन असतं पण बाजारात फिरत नाही, टाकसाळ ते दर्शनी किमतीपेक्षा बऱ्याच जास्त दराने विकते आणि प्रत्येक नाण्यामागे ठरलेली रक्कम, तिला सरचार्ज म्हणतात, कायद्यात नाव असलेल्या संस्थेला जाते. तुमच्याकडे एखादं म्युझियम, फाउंडेशन, स्कॉलरशिप फंड असेल आणि त्याला पैसा उभा करायचा असेल तर हीच वाट धरा. नसेल तर मेडलच्या मागे लागा, त्रास थोडा कमी होईल.

गोष्ट खरी आणि पूर्ण असली पाहिजे

प्रत्येक बिलाच्या सुरुवातीला फाइंडिंग्ज नावाचा भाग असतो, म्हणजे हे नाणं का काढायचं त्याची कारणं, एकेका ओळीत. मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ या भागावर घालवा. खासदाराच्या ऑफिसमधला तरुण स्टाफर, म्हणजे कर्मचारी, हाच भाग वाचतो, पेपरवाले हाच उचलतात, आणि एकदा कायदा झाला की हे शब्द कायमचे राहतात.

बेसबॉलचंच उदाहरण घ्या. बहुतेक लोक लिहितात की जॅकी रॉबिन्सन हा मेजर लीग, म्हणजे बेसबॉलची सगळ्यात वरची लीग, खेळलेला पहिला काळा खेळाडू. हे चूक आहे. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर टोलेडोकडून खेळला होता, तेव्हाची ती मेजर लीगच होती. त्यानंतर मालकांनी आपापसात ठरवून काळ्यांना बाहेर ठेवलं, कागदावर नियम नव्हता पण कोणी मोडत नव्हतं, आणि हे जवळजवळ साठ वर्षं चाललं. १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर रॉबिन्सन डॉजर्सकडून उतरला तेव्हा ती बंदी मोडली. त्यामुळे फाइंडिंग्जमध्ये 'आधुनिक काळातला पहिला' असं लिहायचं आणि बंदी होती हेही लिहायचं. नुसतं 'पहिला' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं आधी कोणी लायक नव्हतंच, आणि त्या साठ वर्षांत ज्यांना दारातून परत पाठवलं त्यांच्यावर पुन्हा एकदा अन्याय होतो.

दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची. डॉजर्सचे अध्यक्ष आणि भागमालक ब्रँच रिकी यांनी रॉबिन्सनला घ्यायचं धाडस केलं हे खरं, पण गोष्ट तेवढीच सांगितली तर ती एका गोऱ्या मालकाच्या उदारपणाची गोष्ट होते. रॉबिन्सन आला कुठून, तर कॅन्सस सिटी मोनार्क्समधून, जी काळ्यांच्या लीगमधली टीम होती, आणि रिकींनी मोनार्क्सना त्याबद्दल एक पैसा दिला नाही. काही आठवड्यांनी, ५ जुलै १९४७ ला लॅरी डोबी क्लीव्हलँडकडून उतरला, तेव्हा त्याच्या आधीच्या टीमच्या, नेवार्क ईगल्सच्या मालकीणबाई एफा मॅनली यांनी मात्र ठणकावून पैसे मागितले आणि १५,००० डॉलर घेतले. गोऱ्या लीगने चांगले खेळाडू उचलायला सुरुवात केली तसा काळ्यांच्या लीगचा प्रेक्षक गेला, निग्रो नॅशनल लीग १९४८ च्या सीझननंतर बंद पडली. एकीकरणाची ही किंमत कोणी मोजली हे बिलात यायलाच हवं. २०२२ च्या नाण्याने हेच केलं, म्हणून मला ते जास्त मोलाचं वाटतं: ज्यांनी स्वतःची लीग उभी केली त्यांचा त्याने सन्मान केला. १३ फेब्रुवारी १९२० ला कॅन्सस सिटीतल्या पासेओ वायएमसीएमध्ये रूब फॉस्टर यांनी टीम मालकांना बसवून लीग स्थापन केली, ती तारीख त्या कायद्याच्या मुळाशी आहे.

आणि एक, बिलात ज्या माणसाचं नाव घालताय त्याच्या घरच्यांशी किंवा त्याच्या नावाच्या फाउंडेशनशी आधी बोला. त्यांची संमती नसेल तर पुढचं सगळं काम वाया जातं.

नवीन विषय शोधत असाल तर बेसबॉलच्या पलीकडेही बघा. अमेरिकन फुटबॉलमध्ये १९४६ साली केनी वॉशिंग्टन आणि वूडी स्ट्रोड लॉस अँजेलिस रॅम्सकडून, मॅरियन मॉटली आणि बिल विलिस क्लीव्हलँड ब्राउन्सकडून खेळले, म्हणजे रॉबिन्सनच्या एक वर्ष आधी. रॅम्सना कोलिझियम हे सार्वजनिक पैशाने बांधलेलं स्टेडियम हवं होतं आणि ते हवं तर टीममध्ये काळे खेळाडू घ्या असा दबाव तिथल्या काळ्या पत्रकारांनी आणला होता. १९५० मध्ये एनबीएत, म्हणजे बास्केटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये, अर्ल लॉइड, चक कूपर आणि नॅट क्लिफ्टन आले. हे विषय फार कमी लोकांना माहीत आहेत, आणि म्हणूनच त्यावर काम करायला हवं.

तारीख: इथेच बहुतेकांचं गणित चुकतं

१९९६ मध्ये काँग्रेसने स्मारक नाण्यांवर लगाम घालणारा कायदा केला. त्याआधी नाण्यांचा नुसता पूर आला होता, १९९५-९६ ला एकट्या अटलांटा ऑलिम्पिकची सोळा डिझाइनं निघाली, जमवणाऱ्यांनी हात टेकले. रॉबिन्सनचं नाणं ज्या कायद्यातून आलं तोही १९९६ चाच, आणि त्या एकाच कायद्यात डॉली मॅडिसनपासून ब्लॅक रिव्होल्युशनरी वॉर पेट्रियट्सपर्यंत बरीच नाणी एकत्र बांधलेली होती. आता तसं होत नाही. १९९९ पासून नियम असा की एका वर्षात जास्तीत जास्त दोन स्मारक कार्यक्रम.

याचा अर्थ नीट समजून घ्या. निग्रो लीग्सची शताब्दी २०२० ला होती. बिल हाऊसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात (वरचं ते सिनेट), आलं जुलै २०१९ ला. पण २०२० च्या दोन जागा बास्केटबॉल हॉल ऑफ फेम आणि महिलांच्या मताधिकाराची शताब्दी यांनी भरल्या, २०२१ च्या दोन जागा चॅलेंजर यानात मरण पावलेल्या शिक्षिका क्रिस्टा मॅकऑलिफ आणि पोलीस स्मारक म्युझियमकडे गेल्या. शेवटी कायद्यावर सही झाली ४ डिसेंबर २०२० ला आणि नाणं आलं २०२२ मध्ये, पर्पल हार्ट या जखमी सैनिकांच्या पदकाच्या नाण्याबरोबर. शताब्दी उलटून दोन वर्षं झाली होती.

म्हणून करायचं काय, तर ज्या वर्षी नाणं हवंय त्याच्या निदान चार-पाच वर्षं आधी कामाला लागा. काँग्रेस डॉट गव्ह ही सरकारी साइट उघडा, सर्चमध्ये कमेमोरेटिव्ह कॉइन टाका, चालू काँग्रेसमधली सगळी बिलं दिसतील, प्रत्येकात इश्यूचं वर्ष कुठलं लिहिलंय ते एका कागदावर उतरवून काढा. ज्या वर्षी दोन बिलं आधीच कायदा झालीत त्या वर्षाचा नाद सोडा. आणि हेही लक्षात ठेवा की काँग्रेस दोन वर्षांची असते, ती संपली की पास न झालेलं बिल मेलं, पुढच्या काँग्रेसमध्ये नव्या नंबराने पुन्हा पहिल्यापासून मांडायचं, पाठिंब्याची जमवलेली नावंही शून्यावर येतात. त्यामुळे बिल मांडायची चांगली वेळ म्हणजे विषम वर्षाचे पहिले काही महिने, म्हणजे हातात जवळपास पूर्ण दोन वर्षं मिळतात.

पैसे कोणाला जाणार, आणि ते खरंच मिळतील का

सरचार्जचे दर आता ठरून गेल्यासारखे आहेत: पाच डॉलरच्या सोन्याच्या नाण्यामागे ३५ डॉलर, चांदीच्या डॉलरमागे १०, अर्ध्या डॉलरच्या साध्या नाण्यामागे ५. निग्रो लीग्सच्या कायद्यात मर्यादा होती सोन्याची ५०,०००, चांदीची ४,००,००० आणि अर्ध्या डॉलरची ४,००,००० नाणी. सगळी विकली गेली असती तर ७७ लाख ५० हजार डॉलर, असं गणित बसतं. हा आकडा ऐकून संस्थेचे ट्रस्टी खूश होतात आणि लगेच बजेटमध्ये धरतात. धरू नका, त्याची तीन कारणं आहेत.

एक, टाकसाळीचा सगळा खर्च आधी वसूल होतो, मगच संस्थेला पैसे सुटतात. डिझाइन, साचे, मजुरी, धातू, जाहिरात, सगळं त्यात येतं. दोन, संस्थेला जेवढा सरचार्ज मिळायचाय तेवढीच रक्कम तिने त्याच कामासाठी खासगी देणगीदारांकडून स्वतः उभी केलेली पाहिजे, आणि तशी ऑडिट केलेली कागदपत्रं दाखवावी लागतात. सरकारी ग्रँट यात धरत नाहीत. नाण्याची विक्री संपल्यावर त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. तीन, सगळी नाणी विकली जातीलच असं नाही, त्यावर खाली येतो.

त्यामुळे बिल लिहायच्या आधी संस्थेच्या खजिनदाराबरोबर बसा आणि स्पष्ट विचारा: गेल्या तीन वर्षांत खासगी देणग्या किती आल्या, दरवर्षी ऑडिट होतं का, नाण्याचे पैसे नक्की कशावर खर्च करणार? याची उत्तरं गुळमुळीत असतील तर अजून वेळ आलेली नाही. रॉबिन्सनच्या वेळी पैसे जॅकी रॉबिन्सन फाउंडेशनला होते, १९७३ पासून स्कॉलरशिप देणारी संस्था, हिशेब स्वच्छ. निग्रो लीग्सचे पैसे कॅन्सस सिटीतल्या निग्रो लीग्स बेसबॉल म्युझियमला, ते १९९० पासून चालू आहे. संस्था नसेल तर सरकारी स्मारकालाही पैसे देता येतात: २००७ चा लिटल रॉक सेंट्रल हायस्कूलचा चांदीचा डॉलर शाळेतला वर्णभेद संपवल्याच्या पन्नाशीचा होता, त्याचे पैसे त्या ऐतिहासिक जागेच्या जतनासाठी इंटिरियर डिपार्टमेंटच्या, म्हणजे सरकारी जमिनी आणि ऐतिहासिक जागा सांभाळणाऱ्या खात्याच्या हातात दिले होते.

मसुदा

मसुदा शून्यातून लिहू नका. निग्रो लीग्सचा कायदा, नंबर ११६-२०९, काढा आणि समोर ठेवा. आठ कलमं आहेत: नाव, फाइंडिंग्ज, नाण्यांचं वर्णन, डिझाइन, इश्यू, विक्री, सरचार्ज आणि सरकारचं नुकसान होणार नाही याची हमी. तांत्रिक आकडे ठरलेले असतात, सोन्याचं नाणं ८.३५९ ग्रॅम आणि ०.८५० इंच व्यासाचं, चांदीचं २६.७३ ग्रॅम आणि १.५०० इंच, अर्ध्या डॉलरचं ११.३४ ग्रॅम आणि १.२०५ इंच. हे तसेच ठेवा, कारण टाकसाळीची यंत्रं त्याच मापाची आहेत.

सरचार्जच्या कलमात एक छोटासा पोटभाग असतो, तो नजरेतून सुटतो. त्यात म्हटलंय की नाणं काढताना त्या वर्षाची दोन कार्यक्रमांची मर्यादा ओलांडली जात असेल तर सरचार्ज लावता येणार नाही. म्हणजे नाणं निघेल पण संस्थेला काहीच मिळणार नाही. तारखेवर मी एवढा भर का देतो ते इथे कळेल.

सोनं घालायचं की नाही हाही प्रश्न नीट विचार करून सोडवा. सोनं महाग झालंय, त्या छोट्या नाण्यात जवळजवळ साडेसात ग्रॅम शुद्ध सोनं असतं, किंमत बाजारभावाप्रमाणे बदलते, आणि शाळेतलं पोर किंवा खेळाडूच्या गावातला निवृत्त माणूस ते घेऊ शकत नाही. माझं मत, फक्त चांदीचा डॉलर आणि साधा अर्धा डॉलर ठेवला तरी चालतं. ज्या लोकांची ही गोष्ट आहे त्यांच्या नातवंडांच्या हातात नाणं पोचलं पाहिजे.

कच्चा मसुदा झाला की तुमच्या खासदाराचं ऑफिस तो हाऊसच्या लेजिस्लेटिव्ह काउन्सेलकडे पाठवतं, तिथले वकील कायद्याच्या भाषेत बसवून देतात, त्याचे पैसे लागत नाहीत.

२९० आणि ६७: खरं काम इथे आहे

हाऊसमध्ये ४३५ सदस्य, सिनेटमध्ये १००. स्मारक नाण्याचं बिल हाऊसच्या फायनान्शियल सर्व्हिसेस कमिटीकडे आणि सिनेटच्या बँकिंग कमिटीकडे जातं, आणि दोन्हीकडे रीत अशी की दोन तृतीयांश सदस्यांनी को-स्पॉन्सर, म्हणजे सहप्रस्तावक, म्हणून नाव दिल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. म्हणजे हाऊसमध्ये २९०, सिनेटमध्ये ६७. कमिटीचे नियम प्रत्येक नव्या काँग्रेसच्या सुरुवातीला नव्याने मंजूर होतात म्हणून तेव्हा एकदा तपासून घ्या.

२९० म्हणजे एकाच पक्षाच्या जोरावर होणं अशक्य. म्हणून पहिल्या दिवसापासून बिलावर दोन पक्षांची दोन माणसं हवीत. निग्रो लीग्सच्या बिलात हाऊसमध्ये मिसुरीचे डेमोक्रॅट इमॅन्युएल क्लीव्हर होते, जे स्वतः कॅन्सस सिटीचे महापौर राहिलेले आणि म्युझियम त्यांच्याच मतदारसंघात, आणि त्यांच्याबरोबर ओहायोचे रिपब्लिकन स्टीव्ह स्टिव्हर्स. सिनेटमध्ये व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट टिम केन आणि मिसुरीचे रिपब्लिकन रॉय ब्लंट. दोन पक्ष, वेगवेगळी राज्यं, आणि निदान एकाचं त्या जागेशी घरचं नातं, ही जोडी जमवताना एवढं बघा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, सरचार्ज असलेलं बिल महसुलाचं मानलं जातं आणि महसुलाची बिलं राज्यघटनेप्रमाणे हाऊसमधूनच सुरू व्हावी लागतात. त्यामुळे शेवटी पास होतं ते हाऊसचं बिल. सिनेटचं जोड-बिल मुख्यतः ६७ नावं गोळा करण्यासाठी.

आता नावं कशी गोळा करायची. एक साधी एक्सेल शीट करा, ४३५ ओळी, प्रत्येकापुढे राज्य, मतदारसंघ, पक्ष, ऑफिसमध्ये कोणाशी बोलणं झालं, काय म्हणाले, परत कधी फोन करायचा. मग प्रत्येक मतदारसंघात तुमच्या गोष्टीचा एखादा धागा शोधा. निग्रो लीग्सच्या टीम किती शहरांत होत्या बघा: शिकागो, पिट्सबर्ग, बर्मिंगहॅम, मेम्फिस, डेट्रॉइट, इंडियानापोलिस, सेंट लुईस, बाल्टिमोर, नेवार्क. बर्मिंगहॅमच्या खासदाराला कॅन्सस सिटीची गोष्ट सांगू नका, त्याला सांगा की तुमच्या रिकवूड फील्डवर ब्लॅक बॅरन्स खेळायचे, विली मेज पोरसवदा वयात तिथे खेळला.

फोन करताना त्या मतदारसंघात राहत असाल तर आधी पत्ता आणि झिप कोड सांगा, मग थेट विषयावर या. दोन मिनिटांत संपवायचं. साधारण असं बोला: 'मी या मतदारसंघात राहते, अमुक नंबरच्या बिलाला साहेबांनी को-स्पॉन्सर व्हावं अशी माझी विनंती आहे, सरकारचा यात खर्च नाही, आपल्या शहराचा संबंध असा असा आहे, तुमच्या फायनान्शियल सर्व्हिसेस बघणाऱ्या स्टाफरचं नाव आणि ईमेल मिळेल का?' शेवटचा प्रश्न विचारल्याशिवाय फोन ठेवू नका, कारण फोन उचलणारा बहुतेक इंटर्न असतो आणि निर्णय त्या स्टाफरच्या टेबलावर होतो. कॅपिटॉलचा स्विचबोर्ड नंबर २०२-२२४-३१२१, तिथून कुठल्याही ऑफिसला जोडून देतात. मग स्टाफरला एक पानाचा कागद पाठवा, एकच पान, वर बिल नंबर, मध्ये चार ओळींत गोष्ट, खाली आतापर्यंत किती नावं आली आणि नाव देण्यासाठी मुख्य स्पॉन्सरच्या ऑफिसमधल्या कोणाला ईमेल करायचा.

उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी परत ईमेल करा, रागवायचं नाही. बहुतेकांचा विरोध नसतो, त्यांच्यापुढे रोज शेकडो विनंत्या असतात आणि आपली मागे पडते एवढंच. ऑगस्टमध्ये सदस्य आपापल्या गावी असतात, तेव्हा स्थानिक ऑफिसमध्ये जाऊन भेटा, बरोबर शाळेतली बेसबॉल टीम न्या, एखादा म्हातारा खेळाडू असेल तर उत्तमच. मुख्य स्पॉन्सर बाकी सदस्यांना डिअर कलीग नावाचं पत्र पाठवतात, तेही दर काही महिन्यांनी पुन्हा पाठवायला लावा.

मराठी मंडळींना एक खास सांगणं. आपली मंडळं जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात आहेत, म्हणजे वेगवेगळ्या मतदारसंघांत आपली माणसं बसलेली आहेत, गणेशोत्सवाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप टाकला तर वीस-पंचवीस मतदारसंघांतून फोन जाऊ शकतात. काळ्या अमेरिकनांच्या लढ्याने १९६५ चा इमिग्रेशन कायदा होण्यासारखी हवा तयार झाली, त्या कायद्यामुळे आपली पिढी तिथे पोचली, तर त्यांच्या कामात आपण हात लावावा असं मला मनापासून वाटतं.

मतदान आणि सही

नावं पूर्ण झाली की हे सोपं आहे. हाऊसमध्ये अशी बिलं बहुधा सस्पेन्शन नावाच्या पद्धतीने येतात, चाळीस मिनिटं चर्चा, दोन तृतीयांश मत लागतं, आणि तेवढी नावं आधीच बिलावर असतात. सिनेटमध्ये कोणी हरकत घेतली नाही तर एकमताने होतं. एक जरी सिनेटर अडला तरी थांबतं, म्हणून त्या आठवड्यात स्पॉन्सरच्या ऑफिसशी रोज संपर्क ठेवा. मग राष्ट्राध्यक्षांची सही.

डिझाइन

कायदा झाल्यावर टाकसाळ चित्रकारांकडून रेखाटनं करून घेते, संस्थेला दाखवते, मग ती फाइन आर्ट्स कमिशन आणि सिटिझन्स कॉइनेज अ‍ॅडव्हायझरी कमिटीपुढे जातात, शेवटचा शब्द ट्रेझरी सेक्रेटरींचा. अ‍ॅडव्हायझरी कमिटीच्या बैठका लोकांसाठी खुल्या असतात, त्या ऐका. जुन्या सरावलेल्या जमवणाऱ्यांना काय आवडतं, कुठलं चित्र नाण्याएवढ्या आकारात चिखल होतं, हे तिथे समजतं.

१९९७ च्या चांदीच्या डॉलरवर रॉबिन्सन होम प्लेटकडे, म्हणजे जिथे धाव पूर्ण होते तिकडे, झेपावतो आहे, अंग जवळजवळ जमिनीला टेकलेलं. मला ते आवडतं, कारण तो कसा खेळायचा हे त्यात आहे, समोरच्याच्या हातातून धाव हिसकावून घेणं. निग्रो लीग्सच्या सोन्याच्या नाण्यावर रूब फॉस्टर यांचा चेहरा आणि सही आहे, मागच्या बाजूला खेळाडू टोपी उचलून अभिवादन करतोय. संस्थेने डिझाइनच्या बैठकीत एकच गोष्ट लावून धरावी: खेळाडू काहीतरी करताना दिसला पाहिजे. कोणीतरी त्याला मदत करतंय, हात देतंय असं चित्र येऊ देऊ नका.

विक्री, आणि रॉबिन्सनच्या सोन्याची गोष्ट

नाणं एकाच कॅलेंडर वर्षात विकायचं असतं. ३१ डिसेंबरनंतर संपलं.

१९९६ च्या कायद्याने रॉबिन्सनची सोन्याची १,००,००० नाणी पाडायला परवानगी दिली होती. अनसर्क्युलेटेड, म्हणजे साध्या फिनिशच्या प्रकारात विकली गेली ५,१७४, आणि प्रूफ, म्हणजे आरशासारखी चकचकीत, २४,०७२. म्हणजे एकूण तीस हजारसुद्धा नाही. आज ते ५,१७४ वालं नाणं जमवणारे शोधत फिरतात आणि भाव चढा आहे, पण त्या चढ्या भावातला एक सेंटही फाउंडेशनला मिळत नाही, सरचार्ज फक्त पहिल्या विक्रीवर. त्याच्या उलट २०१४ ची बेसबॉल हॉल ऑफ फेमची वक्र नाणी, सोन्याची ५०,००० आणि चांदीची ४,००,००० सगळी संपली, कारण तसं नाणं अमेरिकेने आधी काढलंच नव्हतं आणि बेसबॉलच्या चाहत्यांनी, जे नाणी जमवत नाहीत त्यांनीही, घेतलं.

म्हणून टाकसाळीच्या जाहिरातीवर विसंबू नका, तिचं ऐकणारे लोक ठरलेले आहेत. संस्थेने जानेवारीच्या आधीच टीमशी बोलून ठेवावं, बॉलपार्कवर विक्रीचा दिवस ठरवावा, शाळांना सांगावं. रॉबिन्सनचा दिवस १५ एप्रिलला सगळे खेळाडू ४२ नंबर घालून साजरा करतात, तसा दिवस तुमच्या विषयाला कुठला आहे ते बघा आणि त्या आठवड्यात जोर लावा. डिसेंबरमध्ये भेट म्हणून पुन्हा.

विक्री संपली की दोन वर्षांचं घड्याळ सुरू होतं, खासगी देणग्यांचा हिशेब आणि ऑडिट टाकसाळीकडे वेळेत गेलं पाहिजे. खजिनदार बदलला तर नव्या माणसाला ही तारीख लेखी द्या.

आणि आपल्याकडे?

हे वाचून कोणाच्याही मनात बाळू पालवणकरांचं नाव येणारच. पुण्याच्या पूना क्लबात पिच रोल करणारा चर्मकार समाजाचा मुलगा, गोऱ्या साहेबांना नेटमध्ये बॉल टाकता टाकता असा डावखुरा स्पिनर झाला की हिंदू टीमला (तेव्हा क्रिकेटच्या टीम धर्मावर असायच्या) त्याला घ्यावं लागलं, मैदानावर एकत्र आणि चहाला मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर वेगळ्या मातीच्या कपात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ विकेट्स घेतल्या. त्याला हिंदूंचं कॅप्टनपद कधी दिलं नाही, ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. तिथे प्रश्न रंगाचा होता, इथे जातीचा, पण दार तसंच बंद होतं.

भारतात यासाठी संसदेत बिल लागत नाही. २०११ च्या कॉइनेज अ‍ॅक्टखाली अर्थ मंत्रालय राजपत्रात अधिसूचना काढतं, हजार रुपयांपर्यंत कितीही किमतीचं नाणं ठरवता येतं, नाणी मुंबईसारख्या सरकारी टाकसाळीत पडतात. डॉ. आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचा १ रुपया (तेव्हा आधीचा नाणे कायदा होता) आणि २०१५ ला १२५ व्या जयंतीची १२५ आणि १० रुपयांची नाणी अशीच आली. म्हणजे को-स्पॉन्सरची मोजणी नाही, पण सरकारच्या एखाद्या खात्याने विषय उचलून धरावा लागतो. क्रीडा मंत्रालय किंवा सामाजिक न्याय मंत्रालय, दोघांनाही पत्र द्या, तुमच्या खासदाराची शिफारस जोडा, साल ठरवून द्या, आणि पत्रात ११४ विकेट्सबरोबर तो मातीचा कप आणि न मिळालेलं कॅप्टनपदही लिहा.